पन्हळीतील पाचोळा आणि रानातील वणवा

वैशाख अर्धा सरला की कोकणातील घरांच्या छपरांवर माणसे चढलेली दिसू लागतात. फुटकी कौले बदलावयाची, सरकलेली नीट बसवावयाची, आंब्या-फणसाची गळलेली पाने पन्हळीतून उपसून काढावयाची, ही सारी कामे मृग लागण्याच्या आत उरकलीच पाहिजेत. पन्हळ तुंबली तर पाणी वळचणीतून आत उतरते, वासे कुजतात आणि भिंती ओल धरतात. पन्हळ साफ का ठेवावी, हे आपल्याकडील शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. पाण्याने ते त्याला शिकविलेले आहे.

ऑस्ट्रेलिया खंडाच्या आग्नेय भागातही दरवर्षी ठरावीक वेळी माणसे भिंतींना शिड्या लावतात, हातमोजे घालतात आणि पन्हळीतील पाने बादलीत भरून खाली आणतात. काम तेच, साधनेही बहुधा तीच. परंतु त्या लोकांना भय असते ते पाण्याचे नव्हे, अग्नीचे. मूठभर वाळलेली पाने आणि एक ठिणगी यांच्या संयोगाने उभे घर भस्मसात होऊ शकते, हे त्यांना कटू अनुभवाने कळले आहे. हे कसे घडते आणि ते टाळण्यासाठी काय करतात, हे समजावून घेणे हा या पुस्तिकेचा हेतू आहे.

वणव्यांचा प्रदेश

व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया या राज्यांतील बराचसा वनप्रदेश निलगिरीच्या झाडांनी व्यापलेला आहे. निलगिरीच्या सातशेहून अधिक जाती असून त्यांपैकी बहुतेक सर्व मूळच्या ऑस्ट्रेलियातील आहेत. आपल्या निलगिरी पर्वतावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास जी झाडे लावण्यात आली, तीही तेथूनच आली. या झाडांच्या पानांत तेल असते. सर्दी झाली असता आपण ज्याचा वास घेतो तेच हे तेल. ते सहज पेट घेणारे आहे.

दक्षिण गोलार्धात डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा असतो. या काळात खंडाच्या मध्यभागी असलेल्या रुक्ष प्रदेशावरून तापलेले कोरडे वारे किनाऱ्याकडे वाहू लागतात. रानातील पाने, साली व काटक्या आधीच वाळलेल्या असतात. या वाऱ्याने त्या ठिसूळ होतात. मग विजेचा लोळ पडला, विजेची तार तुटली अथवा कोणी निष्काळजीपणे विस्तव टाकला की वणवा पेटण्यास वेळ लागत नाही.

वणवा ही त्या भूमीला नवी गोष्ट नाही. तेथील मूळचे रहिवासी हजारो वर्षांपासून योग्य ऋतूत लहान लहान आगी लावून रानातील पालापाचोळा मर्यादेत ठेवीत आले. निलगिरीच्या कित्येक जाती जळून गेल्यावर खोडातून पुन्हा पालवतात. रान वणव्यातून सावरते. पण रानाच्या कडेला आणि रानाच्या पोटात माणसांनी जी घरे बांधली, त्यांना पालवी फुटत नाही.

या प्रदेशाच्या इतिहासात काही दिवस अशुभ म्हणून नोंदले गेले आहेत. १३ जानेवारी १९३९ च्या सुमारास व्हिक्टोरिया राज्यात भडकलेल्या वणव्यांनी ७१ माणसांचा बळी घेतला. ७ फेब्रुवारी १९६७ रोजी टास्मानियात होबार्ट शहर व त्याच्या परिसरात एकाच दिवसात ६२ माणसे मरण पावली. १६ फेब्रुवारी १९८३ रोजी व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया मिळून ७५ जण दगावले. ७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्न शहरात तापमान ४६.४ अंश सेल्सियसपर्यंत चढले, आणि त्या दिवसाच्या वणव्यांत व्हिक्टोरिया राज्यात १७३ माणसे मृत्युमुखी पडली व दोन हजारांहून अधिक घरे नष्ट झाली. २०१९-२० च्या उन्हाळ्यात तर २ कोटी ४० लाख हेक्टरांहून अधिक भूमीवरून आग फिरली. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तीनचतुर्थांशाहूनही हे अधिक आहे. त्या वर्षी ३३ माणसे व तीन हजारांहून अधिक घरे वणव्याने हिरावून नेली.

घर कशाने पेटते?

वणवा म्हटला की झाडांच्या शेंड्यांपर्यंत पोचलेली ज्वालांची भिंत आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. ही भिंत चालून येते आणि वाटेतील घर गिळून टाकते, अशीच सामान्य समजूत असते. तथापि वणवा निघून गेल्यावर ज्यांनी जळालेल्या वस्त्या बारकाईने पाहिल्या, त्यांना निराळेच दृश्य दिसले. कित्येक ठिकाणी घराची राख झालेली होती, परंतु त्याच्या अंगणातील झाडांची पाने हिरवी होती. काही ठिकाणी एका ओळीतील एक घर जळाले होते व त्याच्या दोन्ही बाजूंची घरे शाबूत होती. ज्वालांची भिंत चालून आली असती तर तिने असा भेदभाव केला नसता.

या कोड्याचा शास्त्रीय शोध जानेवारी १९४४ मध्ये मेलबर्नजवळील बोमारिस या वस्तीत लागलेल्या आगीपासून सुरू झाला. तेथील घरांची पाहणी ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रीय व औद्योगिक संशोधन परिषदेच्या वतीने बॅरो या संशोधकाने केली. वाऱ्याबरोबर उडून आलेले जळते कण घराच्या फटींत व कोपऱ्यांत शिरून घरे पेटतात, ही गोष्ट त्या पाहणीत लक्षात आली. पुढे १९४९ मध्ये या परिषदेचे रूपांतर आज सी.एस.आय.आर.ओ. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत झाले. १९८३ च्या वणव्यानंतर या संस्थेच्या संशोधकांनी ऑटवे टेकड्यांच्या परिसरातील एक हजाराहून अधिक घरे तपासली. २००३ साली राजधानी कॅनबेराच्या उपनगरांत सुमारे पाचशे घरे जळाली, तेव्हा तेथेही अशीच तपासणी झाली. निष्कर्ष पुन्हा पुन्हा तोच निघाला.

वणव्याचा घरावर हल्ला मुख्यतः तीन प्रकारांनी होतो. पहिला प्रकार ठिणग्यांचा व जळत्या कणांचा मारा. दुसरा प्रारणाने येणारी उष्णता. आणि तिसरा ज्वालेचा प्रत्यक्ष स्पर्श. नष्ट होणाऱ्या घरांपैकी बहुसंख्य घरांचा आरंभ पहिल्या प्रकारात असतो. कधी ठिणग्यांनी अंगणातील एखादी वस्तू पेटते आणि तिची आग घरास लागते. कधी एक घर पेटून त्याच्या उष्णतेने शेजारचे घर पेटते. पण साखळीच्या पहिल्या कडीशी बहुधा एक लहानशी ठिणगीच सापडते.

या ठिणग्या येतात कोठून? निलगिरीच्या काही जातींची साल दोऱ्यांसारखी तंतुमय असते, तर काहींची साल लांबच लांब फितींच्या रूपाने सुटून खोडाला लोंबत राहते. वणव्यात तापलेली हवा हलकी होऊन प्रचंड वेगाने वर चढते आणि सालीचे हे जळते तुकडे आपल्याबरोबर आकाशात नेते. तेथे वारा त्यांना पुढे ढकलतो. हलक्या फिती जळत जळत दूरवर जातात. आघाडीच्या पुढे तीस किलोमीटरांवर नव्या आगी लागल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. घराजवळ मात्र ठिणग्यांचा अक्षरशः पाऊस पडतो. ज्वालांची आघाडी येण्यापूर्वीच तो सुरू होतो आणि ती निघून गेल्यावरही कित्येक तास चालू राहू शकतो. आघाडी स्वतः काही मिनिटांतच पुढे सरकते. घराचे भवितव्य ठरते ते पुष्कळदा त्या मिनिटांत नव्हे, तर त्यांच्या मागच्या-पुढच्या तासांत.

पान लवकर का पेटते?

लाकडाचा ओंडका आणि लाकडाचा भुसा यांचे द्रव्य एकच. तरीही ओंडक्याला काडी लावली तर तो पेटत नाही आणि पातळ ढलप्या मात्र क्षणात पेट घेतात. याचे कारण साध्या गणिताने समजते. दहा सेंटीमीटर बाजूचा एक लाकडी घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचे एकूण क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटीमीटर भरते. आता त्याच घनाच्या एक मिलीमीटर जाडीच्या शंभर चकत्या केल्या, तर सर्व चकत्यांचे मिळून पृष्ठफळ २०,४०० चौरस सेंटीमीटर होते. द्रव्य तितकेच राहिले, पण उष्णता शोषून घेणारा आणि हवेतील प्राणवायूस भेटणारा पृष्ठभाग चौतीस पटींनी वाढला.

वाळलेले पान ही निसर्गाने केलेली अशीच चकती होय. सहा मिलीमीटरांहून कमी जाडीच्या मृत पानांना, काटक्यांना व सालींना वणव्याचे शास्त्र ‘सूक्ष्म इंधन’ म्हणते. वणव्याची आघाडी मुख्यतः याच इंधनावर धावते. दुसरी गोष्ट ओलाव्याची. पानात पाणी असेल तर ठिणगीची उष्णता प्रथम ते पाणी घालविण्यात खर्च होते. अतिशय तप्त व कोरड्या दिवशी मात्र पाचोळ्यातील पाण्याचा अंश त्याच्या कोरड्या वजनाच्या पाच टक्क्यांच्याही खाली जातो. अशा वेळी एका लहान निखाऱ्याची धगही पुरेशी होते.

पन्हळीतून तक्तपोशीत

आता पन्हळीकडे पाहू. छपराच्या उतारावरून घसरलेले प्रत्येक पान शेवटी तेथेच येऊन थांबते. पन्हळ उंचावर, उन्हात आणि वाऱ्यात असते. म्हणून तिच्यातील पाने जमिनीवरील पानांपेक्षा लवकर वाळतात. पाने जशी वाऱ्याने तेथे येतात तशाच ठिणग्याही येतात. जो कोपरा पाचोळा धरून ठेवतो, तोच निखाराही धरून ठेवतो. वाऱ्याने वाळूचा ढीग जेथे साठतो, तेथेच ठिणग्याही साठतात, हा नियम घराच्या प्रत्येक खाचेला लागू आहे.

पन्हळ पत्र्याची असते, ती जळत नाही. म्हणून कोणी निश्चिंत राहील तर तो फसेल. पत्रा जळत नसला तरी उष्णता वाहून नेतो. पन्हळीमागे बहुधा लाकडी फळी असते व फळीमागे वाशांची टोके असतात. पन्हळीतील पाने पेटली की ज्वाला छपराच्या शेवटच्या कौलाखालून अथवा पत्र्याच्या नागमोडी कडेखालील फटींतून आत वळते. छप्पर आणि तक्तपोशी यांमधील पोकळीत वर्षानुवर्षांची धूळ, वाऱ्याने आत आलेली पाने, पक्ष्यांची व उंदरांची घरटी आणि वाळून खडखडीत झालेली इमारती लाकडे असतात. तेथे आग लागली तर खाली बसलेल्या माणसास ती दिसत नाही, ऐकूही येत नाही. वणवा निघून गेला, आपण वाचलो, असे म्हणून घरातील माणसे सुटकेचा नि:श्वास सोडतात, आणि काही वेळाने डोक्यावरची तक्तपोशी जळत खाली येते. म्हणूनच वणवा गेल्यानंतर पोटमाळ्यात डोकावून पाहणे हे तेथील लोकांस आवर्जून शिकविले जाते.

पन्हळ साफ करण्याची रीत

पन्हळ वर्षातून एकदा साफ केली म्हणजे काम संपले, असे आपल्याकडे चालते. निलगिरीच्या देशात ते चालत नाही. निलगिरी सदाहरित आहे. ती शिशिरात निष्पर्ण होत नाही. आग्नेय ऑस्ट्रेलियात तिची सर्वाधिक पानगळ भर उन्हाळ्यात होते. म्हणजे ज्या महिन्यांत वणव्याचे भय अधिक, त्याच महिन्यांत पन्हळ सर्वांत लवकर भरते. म्हणून वसंतात, म्हणजे तेथील सप्टेंबर ते नोव्हेंबरात, एकदा ती पूर्ण साफ करावयाची आणि मग संपूर्ण उन्हाळाभर, विशेषतः सोसाट्याचा वारा येऊन गेल्यावर, पुन्हा पुन्हा पाहावयाची.

हे काम थंड, निवांत दिवशी करावे. शिडी भक्कम जमिनीवर टेकवावी; ती चार मीटर उंचीवर टेकली असेल तर तिचा पाया भिंतीपासून एक मीटर दूर असावा. खाली दुसरे माणूस शिडी धरून उभे असावे, आणि विजेच्या तारा जवळ नाहीत याची खात्री करावी. हातमोजे घालून पाने उचलावी व बादलीत भरावी. खाली भिंतीच्या कडेला टाकू नयेत, कारण तेथे ती पडून राहिली तर संकटाची केवळ जागा बदलते. छपराच्या दोन उतरणी जेथे मिळतात त्या खोलगट सांध्यात पाने हटकून अडकतात. तो सांधाही पाहावा. फुटके कौल, उचकटलेला पत्रा, आढ्यावरील सैल टोपण ही त्याच वेळी दुरुस्त करावीत. शेवटी पाणी सोडून खाली उतरणारा नळ मोकळा आहे की नाही ते पाहावे.

पुष्कळ लोक पन्हळीवर जाळी बसवितात. ती धातूची असावी. प्लॅस्टिकची जाळी उष्णतेने वितळते व स्वतःच इंधन बनते. जाळीमुळे श्रम कमी होतात, परंतु संपत नाहीत. पाने जाळीवर साठतात आणि त्यांचा बारीक चुरा जाळीतून खाली उतरतो. जाळी बसविली म्हणून पन्हळीकडे पाहणेच सोडून दिले, तर जाळी नसलेली पन्हळ बरी असे म्हणण्याची पाळी येते.

वणव्याची सूचना मिळाल्यावर आणखी एक उपाय करतात. पन्हळीतून उतरणाऱ्या नळाचे तोंड चेंडूने अथवा वाळू भरलेल्या कापडी पिशवीने बंद करावयाचे आणि पन्हळी पाण्याने काठोकाठ भरून ठेवावयाच्या. पडलेला निखारा पाण्यात पडतो आणि विझतो. हे कामही शिडीवरून व वेळ असतानाच करावे. धूर आणि वारा सुटल्यावर नळी घेऊन छपरावर चढणे हे धाडस नव्हे, अविचार होय; आगीपूर्वी छपरावरून पडून माणसे जायबंदी झालेली आहेत. खेड्यांत पिण्याचे पाणी छपरावरूनच टाकीत साठवितात. तेथे वणव्यानंतर टाकीकडे जाणारा नळ सोडवून ठेवावा लागतो, नाहीतर पहिल्या पावसाबरोबर छपरावरील राख पिण्याच्या पाण्यात उतरते.

अंगण, उतार आणि प्रारण

ठिणगीपासून घर राखले तरी उष्णतेचा प्रश्न उरतो. सूर्याची उष्णता मधल्या पोकळीतून प्रारणाने आपल्यापर्यंत येते. वणव्याची धगही तशीच येते. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एक चौरस मीटर जागेवर सुमारे एक किलोवॅट इतकी शक्ती पडते. वणव्याच्या जवळपास हा आकडा १२.५ वर गेला, म्हणजे एकाच जागी बारा सूर्य तापले, की खिडकीची साधी काच तडकू शकते. काच फुटली की ठिणग्यांना घरात मुक्तद्वार मिळते. ऑस्ट्रेलियात वणवाप्रवण भागात घर बांधण्यासाठी जे मानक लागू आहे, त्यात घराच्या जागेचे सहा वर्ग पाडले आहेत, आणि त्यांपैकी मधल्या वर्गांची नावेच १२.५, १९, २९, ४० अशी या किलोवॅटांच्या आकड्यांवरून ठेवली आहेत. २००९ च्या संहारानंतर त्याच वर्षी हे मानक सुधारून प्रसिद्ध करण्यात आले.

धग कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे अंतर. आग जितकी दूर, तितकी तिची आच झपाट्याने कमी होते. आपल्या वनखात्याने आखलेल्या जाळरेषांमागे हेच तत्त्व आहे. घराच्या भोवती असाच एक पट्टा ठेवतात. गवत दहा सेंटीमीटरांहून उंच वाढू देत नाहीत. छपरावर आलेल्या फांद्या छाटतात, खिडकीखाली झुडूप ठेवीत नाहीत. जळाऊ लाकडाची रास भिंतीपासून दूर नेतात. झाडे सरसकट तोडावयाची असे मात्र नाही. मोठ्या झाडाखाली झुडूप व झुडपाखाली वाळलेले गवत अशी शिडी तयार झाली की आग पायरी-पायरीने शेंड्यापर्यंत चढते. ही शिडी मोडणे महत्त्वाचे.

डोंगरउतारावरील घराला अधिक सावध राहावे लागते. सपाटीवर ज्वाला वर जाते; चढावर ती पुढच्या इंधनाच्या जवळ येते, त्याला आधीच तापवून कोरडे करते. म्हणून चढ दहा अंशांनी वाढला की वणव्याचा वेग अदमासे दुप्पट होतो, असा व्यवहारातील नियम आहे. निसर्गशोभेसाठी टेकडीच्या माथ्यावर बांधलेले घर हे या दृष्टीने सर्वांत अवघड जागी बांधलेले घर ठरते.

फटी, झरोके आणि पायपुसणे

ठिणगी लहान असते, आणि म्हणूनच तिला लहान दार पुरते. हवेसाठी ठेवलेले झरोके, कौलांखालील फटी, दाराखालची सांध, लाकडी ओसरीच्या फळ्यांमधील अंतर, या प्रत्येक ठिकाणी ती शिरू शकते. म्हणून झरोक्यांना पोलाद, कांसे अथवा ॲल्युमिनियम यांची बारीक जाळी लावतात. तिच्या छिद्रांचा आकार दोन मिलीमीटरांहून अधिक नसावा असा दंडक आहे. छपरावर बसविलेल्या पाण्याच्या कूलरलाही अशीच जाळी लागते, कारण त्याच्या आतील गवती अथवा कागदी पडदे कोरडे पडले की ती उत्तम सरपणे होतात. कित्येक घरे खुंटांवर उचलून बांधलेली असतात. त्यांच्या खालच्या पोकळीत अडगळ साठवू नये, हेही त्याच कारणाने.

दारातील काथ्याचे पायपुसणे, ओसरीवरील वेताची खुर्ची, भिंतीस टेकवून ठेवलेला केरसुणीचा झुडगा, या वस्तू निरुपद्रवी वाटतात. वणव्याच्या दिवशी त्या आत आणावयास हव्यात. स्वयंपाकाच्या वायूची टाकी भिंतीशी घट्ट बांधून तिची सुटका-झडप घराच्या विरुद्ध दिशेस वळवून ठेवतात. टाकी फार तापली तर झडपेतून बाहेर पडणारा जळता वायू निदान घरावर येत नाही.

पाण्याविषयीही एक भ्रम दूर केला पाहिजे. संकटाच्या क्षणी नळाला पाणी असेलच असे नाही. सारी वस्ती एकदम पाणी घेऊ लागली की दाब पडतो, आणि विजेच्या तारा जळाल्या की विजेचा पंप बंद पडतो. म्हणून ज्यांना घर राखावयाचे आहे, त्यांनी किमान दहा हजार लिटरांची स्वतंत्र टाकी व तेलावर चालणारा पंप बाळगावा असे व्हिक्टोरियातील ग्रामीण अग्निशमन यंत्रणा सांगते.

थांबावे की निघावे?

येथवर वर्णिलेली सर्व तयारी करूनही एक प्रश्न उरतो, आणि तोच सर्वांत कठीण आहे. वणवा येताना दिसल्यावर घरात थांबून ठिणग्या विझवीत राहावे की घर सोडून जावे?

जुन्या पाहण्यांतून असे दिसले होते की ज्या घरांत वणव्याच्या वेळी धडधाकट माणसे हजर होती, ती घरे अधिक प्रमाणात वाचली. यात नवल नाही. पन्हळीतील पहिली ठिणगी ओल्या फडक्याने विझते, तासाभराने अग्निशामक बंबासही ती विझविता येत नाही. शिवाय अखेरच्या घटकेला गाडी घेऊन धुरातून पळणे हे अत्यंत घातक ठरते, हेही दिसून आले होते. म्हणून ‘तयारी करून थांबा, नाहीतर लवकर निघा’ असे धोरण तेथे अनेक वर्षे होते.

२००९ च्या फेब्रुवारीने या धोरणाचा पाया हादरविला. त्या दिवशी मरण पावलेल्यांपैकी शंभराहून अधिक माणसे घरांतच मरण पावली. त्यांत काहींची तयारी चांगली होती. चौकशीसाठी नेमलेल्या राजआयोगाने जुलै २०१० मध्ये आपला अंतिम अहवाल सादर केला. तेव्हापासून उपदेशाचा भर बदलला आहे. लवकर निघून जाणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग, असे आता स्पष्ट सांगितले जाते. १ सप्टेंबर २०२२ पासून संपूर्ण देशात वणव्याच्या धोक्याच्या चार पायऱ्या सारख्याच रीतीने जाहीर होतात: मध्यम, उच्च, तीव्र आणि महाविनाशक. चौथी पायरी जाहीर झाली की घर कितीही भक्कम असो, पन्हळ कितीही स्वच्छ असो, आदल्या रात्री अथवा पहाटेच रानालगतची वस्ती सोडावी, असा इशारा असतो.

मग तयारीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग दुहेरी आहे. तयार घर मालकाच्या गैरहजेरीतही तग धरण्याची शक्यता अधिक असते, कारण ठिणगीला पेटविण्यास त्यात काही सापडत नाही. आणि वाट बंद झाल्यामुळे ज्याला निघता आलेच नाही, त्याच्यासाठी तेच घर अखेरचा आसरा असते. घर वाचविण्यासाठी जीव धोक्यात घालावयाचा नाही; पण जीव वाचविण्यासाठी घराची गरज पडू शकते. म्हणून निघण्याचा निश्चय केलेल्या माणसानेही पन्हळ साफ करावी. कोणत्या रस्त्याने जावयाचे, वृद्धांना व जनावरांना कोण नेणार, सुती वा लोकरी कपडे व भक्कम बूट कोठे ठेवले आहेत, हे सर्व घरातील लहानथोरांनी उन्हाळ्यापूर्वी एकत्र बसून ठरवावे आणि लिहून ठेवावे.

आपल्यासाठी बोध

मेलबर्न, सिडनी यांसारख्या शहरांत आज मराठी बोलणारी अनेक कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी जे रानालगतच्या उपनगरांत आहेत, त्यांच्यासाठी ही माहिती रोजच्या व्यवहाराची आहे. परंतु जे येथेच राहतात त्यांनाही ती परकी वाटण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या उतारावरील गवत फाल्गुन-चैत्रात पेटते. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांत चीड वृक्षाची सुईसारखी पाने, ज्यांना तेथील लोक पिरूल म्हणतात, उन्हाळ्यात रानभर पसरतात आणि वणव्याला वाट करून देतात. आपल्याकडील वणव्यांपैकी पुष्कळसे माणसाच्या हातूनच लागतात. डोंगरपायथ्याची वाडी, गवताने शाकारलेला गोठा, अंगणातील पेंढ्याची गंजी यांना ठिणगीचे भय तेथल्याइतकेच आहे, आणि ठिणगीचे नियम साऱ्या पृथ्वीवर एकच आहेत.

शाळेतील विद्यार्थ्यांना यातून एक सोपा अभ्यास करता येईल. त्यासाठी विस्तव पेटविण्याची आवश्यकता नाही, आणि तो पेटवूही नये. आपल्या शाळेच्या अथवा घराच्या भोवती वाऱ्याच्या दिवशी एक फेरी मारावी आणि वाळलेली पाने कोठे कोठे अडकून साठतात, त्या जागा कागदावर टिपाव्यात. पायरीचा कोपरा, गच्चीची कड, पत्र्याखालची सांध, पन्हळ. तो कागद म्हणजे, वणवा आलाच तर घर कोठून पेटेल, याचा नकाशाच होय.

वणव्याच्या ज्वाला माणसाच्या हातात नसतात. त्या कोणत्या दिशेने येतील हे वारा ठरवितो, आणि वाऱ्याला कोणी थांबवू शकत नाही. परंतु त्या ज्वालांनी पुढे धाडलेली ठिणगी ज्या जागी येऊन पडते, ती जागा मात्र माणसाच्या हातात असते. तेथे तिला वाळलेले पान मिळावे की रिकामा पत्रा, हे उन्हाळ्याच्या आधी, एखाद्या शांत सकाळी, शिडी धरणाऱ्या सोबत्याच्या साह्याने ठरते.